शिळफाट्याचं भाडं

गोव्यातल्या आमच्या फोंड्याला रेल्वे नाही. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण सुरू झाली ती पेडणे, थिवी, करमळी करत मडगावला गेली आणि फोंडा तालुका तसाच बाजूला राहिला. विमानतळ आता दोन झाले, पण एक दाबोळीला आणि दुसरा मोपाला, त्यामुळे आमच्यापासून दोन्ही लांबच. मुंबईहून माझ्याकडे कुणी यायचं म्हटलं की शेवटचा तुकडा रस्त्यानेच करावा लागतो. त्यात पाहुण्यांना घरी बसून राहायचं नसतं. कवळ्याला जायचं असतं, मंगेशीला, म्हार्दोळला, एखाद्या संध्याकाळी मिरामारला, आणि पोरांना कुठूनतरी दूधसागर कळलेला असतो. बसच्या वेळा सांभाळत हे होत नाही. म्हणून मे महिना किंवा गणपतीची चवथ जवळ आली की माहेरचे फोन सुरू होतात. आधी आंब्यांची चौकशी, मग पावसाची, आणि मग मूळ मुद्दा: "आत्या, भाड्याची गाडी कुठून घेऊ?"

माहेर डोंबिवलीचं. गाडी भाच्यानं चालवायची, दादानं शेजारी बसून रस्ता सांगायचा, मागे वहिनी, सूनबाई आणि नात. स्वतःची गाडी त्यांनी ठेवलेली नाही. इमारतीत जागा नाही आणि रोजचं सगळं लोकलनं होतं, मग ठेवायची कशाला, हे त्यांचं बरोबरच आहे. तर भाचा अ‍ॅप उघडतो. अ‍ॅपवर गाडीच्या चित्राखाली दिवसाचं भाडं असतं आणि त्याखाली एक गोड ओळ, घरपोच डिलिव्हरी. थोडे पैसे जादा भरले की गाडी सोसायटीच्या फाटकाशी हजर. मी म्हणते, नको. तो म्हणतो, तेवढ्या पैशांसाठी पाच माणसं आणि सगळं सामान घेऊन लोकलनं पनवेल गाठायचं का? इथून आमचा वाद सुरू होतो आणि तिकिटं निघेपर्यंत चालतो.

डिलिव्हरीच्या पैशांबद्दल माझी तक्रारच नाही. तक्रार शिळफाट्याबद्दल आहे. डोंबिवलीहून गोव्याच्या रस्त्याला लागायचं तर कल्याण-शीळ रस्त्यानं कटई नाका, मग शिळफाटा, तिथून तळोजा, कळंबोली, आणि मग कुठे पळस्पे फाटा येतो, जिथून मुंबई-गोवा महामार्ग खऱ्या अर्थानं सुरू होतो. नकाशावर हे अंतर काहीच नाही. पण शिळफाट्याला मुंब्रा बायपासवरून उतरलेले कंटेनर, तळोज्याच्या एमआयडीसीचे टँकर, कल्याणकडून आलेल्या बस आणि रिक्षा असं सगळं एका जागी येऊन मिळतं, आणि आता त्याच रस्त्यावर मेट्रोचंही काम काढलंय. भाड्याच्या गाडीचं घड्याळ किल्ली हातात पडल्यापासून चालतं. शिळफाट्यावर जितका वेळ उभे राहाल तितक्या वेळाचं भाडं तुम्हीच भरणार, वर इंधन तुमचं, वर क्लच दाबून दाबून दुखलेली पोटरी तुमची. मी भाच्याला विचारते, "गाडी तू गोव्यासाठी घेतोयस की शिळफाट्यासाठी?" तो हसतो आणि विषय बदलतो.

आणखी एक गोष्ट आहे, जी अ‍ॅपवर लिहिलेली नसते. भाड्याची गाडी म्हणजे अनोळखी गाडी. क्लच कुठे उचलतो, ब्रेक किती दाबायचा, आरसा कुठपर्यंत दाखवतो, वायपरची कांडी डावीकडे की उजवीकडे, हे पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये अंगवळणी पडतं. ते किलोमीटर कंटेनरांच्या मधे आणि रिक्षांच्या गराड्यात काढायचे, की जरा मोकळ्या रस्त्यावर? माझ्या मते गाडीशी ओळख व्हायला कर्नाळ्याच्या आसपासचा रस्ता बरा. तिथे चूक झाली तर निदान मागचा लगेच अंगावर येत नाही.

मुंबईला चांगली येणारी गोष्ट एकच, ती म्हणजे माणसं एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रुळांवरून नेणं. तेवढं तिच्याकडून करून घ्यावं आणि जिथे रूळ आपल्या उपयोगाचे उरत नाहीत तिथे गाडी हातात घ्यावी, असं माझं म्हणणं. शहर सोडताना गाडी कुठून घ्यायची याचं उत्तर शहराच्या कडेला असतं, आणि मुंबईची गोव्याकडची कड म्हणजे पनवेल. सीएसएमटीहून हार्बरची लोकल थेट येते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरनं तासाभरात येता येतं. डोंबिवलीकरांनी सकाळी लवकर गर्दीच्या दिशेनं ठाण्याला जायचं नसतं हे मला ठाऊक आहे, तिथेच तर वाढले मी, पण रविवारी पहाटे त्या गाडीत बसायला जागा मिळते. पाच माणसं, दोन मोठ्या बॅगा आणि वहिनींची ती कापडी पिशवी, सगळं मावतं.

हे मी नुसतं सांगत नाही. मुलीकडे मुलुंडला गेले होते तेव्हा मला देवरुखला मामीकडे जायचं होतं. जावई म्हणाले, विमानतळावरून घ्या, तिथे मोठ्या कंपन्यांचे काउंटर आहेत, गाड्या नव्या असतात. गाड्या नव्या असतात हे खरं. पण मुलुंडहून अंधेरीला जायचं, तिथून गाडी घेऊन पुन्हा सायनमार्गे वाशीची खाडी ओलांडायची, म्हणजे कोकणात जायला आधी पश्चिमेला जाऊन यायचं. ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या पाचही वेशींवर छोट्या गाड्यांना टोल माफ झाला हे चांगलं झालं, पण टोल गेला म्हणून रांग गेली असं कुणी छातीठोक सांगणार नाही. शिवाय विमानतळावरच्या गाडीला विमानतळाचा दर लागतो. मी ठाण्याला लोकल बदलली, पनवेलला उतरले आणि नवीन पनवेलच्या बाजूला येऊन उभी राहिले.

गाडी घेऊन आलेला मुलगा विशीतला होता. गळ्यात हेडफोन, हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि फोनचा पडदा माझ्यापुढे धरून, "काकू, इथे बोट टेकवा, ओटीपी येईल." म्हटलं, आधी गाडी बघू. मग मी माझ्या सवयीनं सगळीकडून फिरले. डाव्या मागच्या दरवाजावर नखाएवढा ओरखडा होता, त्याचा फोटो घेतला. पुढच्या काचेला खडा लागून तिळाएवढी खूण पडलेली, तिचा जवळून एक आणि लांबून एक. पुढच्या बंपरच्या खालच्या कडेला वाकून हात फिरवला तर तिथला रंग पार गेलेला, प्लॅस्टिक खरखरीत लागत होतं. ही जागा कुणी बघत नाही, आणि गाडी परत देताना नेमकी हीच बघितली जाते, कारण स्पीडब्रेकरला तीच घासते. किलोमीटरचा आकडा आणि पेट्रोलचा काटा एकाच फोटोत यावा म्हणून गाडी चालू करून घेतली. मग डिकी उघडायला लावली. स्टेपनी दाबून पाहिली तर तिच्यात हवा अशी नव्हतीच. जॅक होता, पान्हा नव्हता. मुलगा म्हणाला, "काकू, स्टेपनी कोण बघतं?" म्हटलं, "बाळा, मला पुढे कशेडीचा घाट आहे." तो जरा चिडला, पण समोरच्या पंपावर जाऊन हवा भरून आणली आणि दुसऱ्या गाडीतला पान्हा काढून माझ्या डिकीत टाकला.

हे सगळं करायला मला वेळ होता, उजेड होता आणि जागा होती. हेच सोसायटीच्या फाटकाशी पहाटे पाच वाजता करून दाखवावं. वॉचमन म्हणतो गाडी पुढे घ्या, मागून दुधाचा टेम्पो हॉर्न देतो, वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडतं, आणि अंधारात मोबाइलच्या टॉर्चनं काढलेल्या फोटोत ओरखडा आहे की दिव्याची चमक हे पुढे कुणालाच सिद्ध करता येत नाही. विमानतळाच्या पिकअपच्या रांगेत तर शिट्टीवाला दोन मिनिटंही उभं राहू देत नाही. गाडी कुठून घेतली यावर ती किती नीट पाहून घेतली जाते हे अवलंबून असतं, आणि डिपॉझिट परत येतं की नाही तेही त्यावरच ठरतं. माझ्या ओळखीतल्या एकांच्या डिपॉझिटमधून असाच आधीचा एक पोचा कापून घेतला गेला. फोटो होता, पण काळाकुट्ट.

आता परतीचं. गाडी घेताना सगळे जाण्याचा विचार करतात. माझ्या अनुभवानं आधी परत देण्याची जागा आणि वेळ ठरवावी आणि मग त्यावरून घेण्याची. रविवारी संध्याकाळी कोकणातून मुंबईकडे येणारा रस्ता ज्यानं पाहिलाय त्याला समजावून सांगायची गरज नाही. अलिबागची गर्दी वडखळला येऊन मिळते, पेणपासून दिवे लागतात ते विझतच नाहीत. अशा वेळी गाडी रात्री नऊच्या आत डोंबिवलीला परत द्यायची असेल, तर पनवेल येऊनही जीव टांगणीलाच, कारण पुढे पुन्हा शिळफाटा. उशीर झाला की तासाप्रमाणे दंड. गाडी पनवेललाच द्यायची असेल तर पनवेल आलं की सुटलो. लोकल तुम्हाला घरी नेते आणि तिला उशीर झाला तर त्याचा दंड तुमच्यावर बसत नाही. हा हिशेब भाच्याला पटतो, पण जाताना नाही, परत आल्यावर पटतो.

एका ठिकाणी घेऊन दुसऱ्या ठिकाणी देण्याची सोय पुष्कळांना सुचते. पनवेलला घ्यायची आणि मडगावला द्यायची. सुचतं छान, पण गाडी परत आणायला कुणालातरी यावं लागतं, त्याचं तिकीट, त्याचा दिवस, त्याचं इंधन, हे सगळं तुमच्याच बिलात उतरतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. लहान मालक तर सरळ नाही म्हणतात.

इथे दादाचा मुद्दा येतो, आणि तो खोटा नाही. दादाला रस्ता हवा असतो. महाडच्या पुढे डोंगर जवळ आले की तो काच खाली करतो, परशुराम घाटातून चिपळूण दिसलं की त्याला दर वेळी काहीतरी आठवतं, आणि हातखंब्याला चहा घेतल्याशिवाय त्याला कोकणात आल्यासारखं वाटत नाही. "गोव्याला जाणं म्हणजे नुसतं गोव्याला पोचणं नव्हे," असं तो म्हणतो. त्याच्यासाठी पनवेल बरोबर आहे. पण गाडी चालवणार भाचा, आणि त्याला फोंड्याला येईपर्यंत साडेपाचशे-सहाशे किलोमीटर तो रस्ता तुडवायचा असतो. चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. तेव्हा नात जन्मली नव्हती, सूनबाई कॉलेजात होती. आता कशेडीला बोगदा झालाय, बराचसा रस्ता चांगलाही झालाय, सिंधुदुर्गात तर मजेत गाडी पळते. पण कोलाड ते माणगाव या पट्ट्यानं इतक्या वर्षांत इतक्या लोकांचे इतके तास खाल्लेत की मी त्याबद्दल बरं बोलणार नाही.

मधला मार्ग म्हणजे आणखी पुढची कड. वंदे भारत जून 2023 पासून सीएसएमटी ते मडगाव धावते आणि वाटेत खेड, रत्नागिरी, कणकवलीला थांबते. रत्नागिरीला किंवा कणकवलीला उतरून तिथून गाडी घ्यायची. दादाला अर्धा रस्ता मिळतो, तोही चांगला अर्धा, आणि भाच्याची पाठ वाचते. या गावांमध्ये गाड्या देणारे लोक लहान असतात. एकाकडे चार, दुसऱ्याकडे सहा. अ‍ॅपवर नसतात, कुणाच्या तरी मेहुण्यामार्फत नंबर मिळतो. आदल्या दिवशी फोन करून खात्री केली नाही तर तुमची गाडी लग्नाच्या वऱ्हाडाला गेलेली असते. पण माणूस स्वतः स्टेशनवर येतो, ओरखडे स्वतःच दाखवतो, आणि वाटेत काही झालं तर कॉल सेंटरच्या ऐवजी तोच फोन उचलतो.

अशा ठिकाणी एक गोष्ट मात्र आधी विचारायची: ही गाडी गोव्यात न्यायला चालेल का, आणि तसं कागदावर आहे का? स्वतः चालवायला भाड्यानं द्यायच्या गाडीची पाटी काळी असते आणि अक्षरं पिवळी. 1989 च्या रेंट अ कॅब योजनेखाली परवाना असलेली ती गाडी. पांढऱ्या पाटीची गाडी कुणी "घरचीच समजा" म्हणून देत असेल तर ती खरोखरच कुणाच्या तरी घरची असते, आणि तिच्या खाजगी विम्यात भाड्यानं देणं बसत नाही. काही झालं नाही तर काहीच होत नाही. झालं तर मात्र सगळं तुमच्या गळ्यात. गोव्यात हा विषय चांगलाच तापलेला आहे, टॅक्सीवाले आणि परवानाधारक रेंट अ कॅबवाले दोघेही पांढऱ्या पाटीवर डोळा ठेवून असतात. शिवाय परत जाताना इन्सुलीच्या नाक्यावर गाडी तपासतात. भाच्याच्या मित्रांनी गोव्यातून काय काय आणायला सांगितलेलं असतं ते मला माहीत आहे, म्हणून मी त्याला आधीच सांगते: परमिटाशिवाय डिकीत बाटल्या सापडल्या तर बाटल्यांबरोबर गाडीही अडकते, आणि गाडी तुझी नाही.

मध्यंतरी भाच्यानं नवीनच काढलं. कोकण रेल्वेनं ऑगस्ट 2025 मध्ये कोलाड ते वेर्णा गाड्या वाहून नेणारी रो-रो सेवा सुरू केली, आपली कार वॅगनवर चढवायची आणि आपण डब्यात बसायचं. ट्रक तर 1999 पासून असे जातात. आमच्याकडे मडगावच्या बाजूला कुणाला त्याचं नवल नाही. कारसाठी भाडं 7,875 रुपये ठरवलं, माणसांचं तिकीट वेगळं, आणि सोळा तरी गाड्या जमल्या तरच ती निघणार. कल्पना मला आवडली. पण डोंबिवलीकरांच्या कामाची नाही. शिळफाटा, कळंबोली, पेण, वडखळ, नागोठणे हे सगळं स्वतः पार केल्यावर कोलाड येतं. नावडतं तेवढं आपण करायचं आणि पुढे सिंधुदुर्गात जिथे गाडी चालवायला सुख आहे तिथे झोपून जायचं! आणि ही स्वतःच्या गाडीची गोष्ट. भाड्याच्या गाडीला वॅगनवर चढवायला मालक तयार होतो का, हे विचारायला मला भाच्याच्या जागी असायला आवडलं नसतं.

आता आमच्या बाजूची गोष्ट, म्हणजे गोव्यात येऊन गाडी घ्यायची तर कुठे. बाहेरच्यांना वाटतं गोवा एवढंसं, कुठेही उतरलं तरी काय फरक पडतो. फरक पडतो. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 पासून चालू आहे, पेडणे-बार्देशात उतरणाऱ्यांना तो चांगलाच, पण फोंड्याला यायचं तर अख्खा उत्तर गोवा ओलांडावा लागतो. तिथून येताना म्हापसा, पर्वरी आणि मग मांडवीवरचा अटल सेतू. यावरून एकदा घोटाळा झाला. वहिनी फोनवर म्हणाल्या, "अटल सेतूवर आहोत," आणि मी चहाचं आधण ठेवलं, तर त्या होत्या शिवडीच्या समुद्रावर! मुंबईचा 2024 सालचा, एकवीस किलोमीटरचा आणि कारला अडीचशे रुपये टोल घेणारा. आमचा पणजीचा 2019 सालचा, त्याच्यापुढे अगदी चिमुकला, टोल नाही. दुचाकीला मात्र दोन्हींवर बंदी.

दाबोळीला उतरलं तर वेर्णा, बोरीचा पूल आणि फोंडा. मडगावला उतरलं तरी तोच बोरीचा पूल. बागा-कळंगुटकडे जायचं असेल तर थिवी. पण देवदर्शनाला येणाऱ्यांनी माझं ऐकायचं असेल तर करमळी. वंदे भारत तिथे थांबत नाही, कोकणकन्या एक्सप्रेस थांबते, मांडवी एक्सप्रेस थांबते. रात्री ठाण्याला कोकणकन्येत बसलं की सकाळी करमळी. छोटं स्टेशन, शेजारी तळं, जुनं गोवं हाकेच्या अंतरावर. तिथून फोंड्याचा रस्ता धरला की बाणस्तारीच्या पुलानंतर मंगेशी, मग म्हार्दोळ, मग फर्मागुढीचा गोपाळ गणपती असं सगळं ओळीनं लागतं. ज्या देवळांसाठी लोक दुसऱ्या दिवशी मुद्दाम गाडी काढून उलट जातात ती येताना वाटेतच असतात.

आणि तिथेही स्टेशनवर गाडी घ्या असं मी सांगत नाही. रात्रभर गाडीत अर्धवट झोपलेल्या माणसानं उतरल्या उतरल्या अनोळखी गाडी हातात घ्यायची, मागे पोरगी भुकेली, कागद वाचायला कुणाला धीर नाही. आमच्या फोंड्यातच काळ्या पाटीच्या गाड्या देणारे आहेत. स्टेशनपासून घरापर्यंत टॅक्सी करायची. इथे ओला-उबर नाही, टॅक्सी महाग पडते, त्यावर पाहुणे नाक मुरडतात आणि मुरडू देत. घरी येऊन आंघोळ करा, जेवा, दुपारची झोप काढा. संध्याकाळी चार वाजता गाडीवाला दारात येतो, अंगणात उजेडात गाडी फिरून बघता येते, आणि गाडीचं भाडं तेव्हापासून लागतं. भाचा इथे मला पकडतो: "म्हणजे घरपोच डिलिव्हरी चालते की तुला!" चालते. माझ्या दारासमोर शिळफाटा नाही.

एका वर्षी मात्र मीच म्हटलं होतं की डोंबिवलीच्या दारातून घ्या, आणि ड्रायव्हरसकट घ्या. दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते, कवळ्याला नवस फेडायचाच होता, आणि त्याला पनवेलचा जिना चढायला लावणं शक्य नव्हतं. शिळफाट्यावर तो मागच्या सीटवर पाय लांब करून झोपून गेला म्हणे. ज्याला चालायचंच नाही त्याला कड कुठे आहे याच्याशी काय देणंघेणं. तेव्हा लागला तो सगळा वेळ आणि पैसा वाजवी होता, आणि त्यावर कुणी हिशेब मांडू नये.

यंदाच्या चवथीचं ठरवणं चालू आहे. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी चार महिने मिळायचे. भाचा सकाळी आठ वाजता दोन फोन आणि एक लॅपटॉप मांडून बसला आणि कोकणकन्येची जातानाची पाच तिकिटं करमळीपर्यंत पक्की मिळवली. परतीची मात्र वेटिंगवर आहेत. म्हणून दादानं उचल खाल्ली की परतताना रस्त्यानं येऊ, फोंड्याहून गाडी घेऊन पनवेलला देऊ. मी इथल्या गाडीवाल्याला विचारलं. त्याच्याकडे बाहेर न्यायला परवाना असलेली एक गाडी आहे. तो म्हणाला, "देतो की बाई, पण माझा पोरगा ती आणायला पनवेलला जाणार, त्याचं जाण्याचं तिकीट आणि येण्याचं पेट्रोल तुमच्याकडे." मी ते जसंच्या तसं डोंबिवलीला कळवलं. वाहतूक कळंबोलीला किती वाजता तुंबते ते दादा आता रोज फोनवर बघत असतो, भाचा पेट्रोलचा आकडा मांडतोय, आणि वहिनींनी दोघांनाही बजावलंय की वेटिंगचं तिकीट कुणी रद्द करायचं नाही.